वाघाचा माग

सिंह आणि वाघ हे दोघेही मार्जारकुलातले. बळ, आकार आणि रुबाब ह्यांत दोघेही परस्परांस हार जाणारे नाहीत. परंतु दोघांची राहणी जवळून पाहिली, तर हे एकाच कुळातले आप्त असतील अशी शंकाही कोणास येणार नाही. सिंह हा कुटुंबात रमणारा प्राणी आहे. आई, मावश्या, मुली, भाच्या अशा एका रक्ताच्या सिंहिणी मिळून एक कळप होतो. शिकार, पिलांचे संगोपन आणि दुपारची झोपसुद्धा त्या एकत्र घेतात. नर छावे तीन वर्षांच्या आसपास वयात आले, की त्यांना कळप सोडावा लागतो. मग भाऊ भाऊ, क्वचित दोन परके नरही, एकमेकांची सोबत धरून रानोमाळ हिंडतात आणि अंगात पुरते बळ आले म्हणजे दुसऱ्या एखाद्या कळपाच्या धन्यांना हुसकावून त्यांची जागा घेतात. एकट्या नराचा तेथे निभाव लागणे कठीण. म्हणून गुजरातेतील गीरच्या अरण्यात किंवा आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात सिंहाचा माग काढणारा माणूस एका सिंहाच्या मागे नसतो, तर एका घराण्याच्या मागे असतो. उघड्या माळावर पाचदहा जनावरे एकत्र पहुडलेली दुरूनही दिसतात. निवांत रात्री त्यांची गर्जना कित्येक किलोमीटरवरून ऐकू येते.

वाघाचे तसे नाही. त्याला घर नाही, कळप नाही, सोबती नाही. वाघीण आपल्या बछड्यांना सुमारे दोन वर्षे सांभाळते, शिकार शिकवते आणि मग एके दिवशी त्यांना आपल्या राज्यातून जावयास लावते. एका आईचे दोन बछडे काही दिवस जोडीने हिंडतात खरे. परंतु सिंहबंधूंप्रमाणे ही जोडी आयुष्यभर टिकत नाही. वाढ पुरी होताच त्यांच्या वाटा फुटतात. त्यानंतर वाघ राहतो एकटा, हिंडतो एकटा आणि बहुधा रात्री. त्याच्या अंगावरील पट्टे बांबूच्या सावल्यांत असे मिसळून जातात की दहा पावलांवर बसलेला वाघ डोळ्यांस दिसत नाही. अशा प्राण्याचा ठावठिकाणा ठेवणे हे काम सिंहांच्या कळपामागे जाण्याहून कितीतरी बिकट आहे.

जॉर्ज शॅलर ह्या अमेरिकी शास्त्रज्ञास ह्या दोन्ही कामांचा अनुभव मिळाला. १९६३ ते १९६५ ह्या काळात तो मध्य प्रदेशातील कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास करीत होता आणि १९६६ पासून त्याने सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास आरंभिला. कान्हाचे हे जंगल महाराष्ट्रापासून फार दूर नाही. बालाघाटच्या डोंगरांतून दक्षिणेकडे उतरत आलेली त्याच वनराजीची एक शाखा वैनगंगेच्या खोऱ्यात पोचते आणि तेथे नागझिऱ्याचे अरण्य आहे.

भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. हजारो लहानमोठ्या तलावांनी सिंचन केलेली भातखाचरे आणि त्यांच्या काठाशी येऊन थांबलेली साग, ऐन, तेंदू, मोह व बांबू ह्यांची राने, असे त्याचे रूप आहे. नागझिरा अभयारण्य १९७० साली घोषित झाले तेव्हा ते सर्वस्वी भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि अरण्याचा बराच भाग त्या जिल्ह्यात गेला. परंतु साकोलीकडून जाणाऱ्यास आजही पिटेझरीच्या फाटकातूनच रानात शिरावे लागते आणि पिटेझरी भंडारा जिल्ह्यात आहे. माणसांनी आखलेल्या जिल्ह्यांच्या सीमा वाघांना ठाऊक नसतात, हे पुढील हकीकतीवरून दिसून येईल. व्यंकटेश माडगूळकर ह्यांनी ह्या रानात मुक्काम करून 'नागझिरा' हे पुस्तक लिहिले आणि मारुती चितमपल्ली ह्यांनी येथून जवळच्या नवेगावबांध येथे वनाधिकारी म्हणून कित्येक वर्षे काढली. मराठी वाचकांना हे रान परिचयाचे झाले ते अशा लेखकांमुळे. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा आणि भंडारा जिल्ह्यातील कोका ही वने एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाची स्थापना झाली.

ह्या वनांत वाघाचा माग काढणारा पहिला अभ्यासक म्हणजे वनरक्षक. पहाटे, गाड्यांची चाके रस्त्यावर उमटण्यापूर्वी, तो आपल्या नियतक्षेत्रात पायी निघतो. वाघाला दाट झुडुपांतून अंग ओरबाडून घेत चालणे आवडत नाही. मोकळा मातीचा रस्ता किंवा नाल्याचे वाळूचे पात्र त्यास अधिक सोयीचे वाटते. वनखात्याने ही सवय हेरून जागोजाग रस्त्याच्या कडेला चाळलेली बारीक माती पसरून ठेवलेली असते. रात्री जो कोणी तेथून जाईल त्याची सही त्या मातीवर उमटते.

ही सही वाचणे हा एक शास्त्राभ्यासच आहे. मार्जारकुलातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. म्हणून वाघाच्या पावलात नखांची टोके दिसत नाहीत, तरसाच्या किंवा कुत्र्याच्या पावलात मात्र दिसतात. पुढचा पाय मागच्या पायापेक्षा मोठा उमटतो. मागच्या पायाचा ठसा चौरसात बसत असेल तर तो बहुधा नराचा आणि लांबट आयतात बसत असेल, बोटे निमुळती असतील, तर तो बहुधा मादीचा. ठसा ताजा आहे की शिळा, हे ओळखणे त्याहून अवघड. ठशाच्या कडा धारदार असतील तर जनावर नुकतेच गेले. कडा ढासळून माती आत पडली असेल तर त्यास बराच वेळ झाला. ठशावर दवाच्या थेंबांचे खळगे असतील तर वाघ दव पडण्यापूर्वी गेला. ठशावरून एखाद्या किड्याची बारीक रांगोळी गेली असेल, तर तो किडा कोणत्या प्रहरी बाहेर पडतो हे ज्याला ठाऊक, त्यास वेळ सांगता येते. ह्या ज्ञानाचे पुस्तक नाही. जंगलाच्या काठी पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या गोंड व इतर समाजांतील लोकांपाशी ते पुष्कळ आहे आणि वनखात्यातील अनेक उत्तम वनमजूर त्यांच्यातूनच आलेले आहेत.

डोळ्यांप्रमाणे कान आणि नाक ह्यांचाही उपयोग होतो. वाघ उठून चालू लागला, की झाडावरील वानर खाकरू लागते, चितळ तीक्ष्ण शीळ घातल्यासारखे ओरडते. ह्या दोघांचा इशारा कधी बिबट्यासाठी असतो, तर कधी नुसत्या भीतीपोटीही दिलेला असतो. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. त्याचा ढांक असा घुमणारा आवाज आला म्हणजे जाणता माणूस जागीच थांबतो. वाघ आपल्या राज्याच्या सीमेवर झाडांच्या बुंध्यांवर नखांचे ओरखडे काढतो आणि शेपटी उंचावून एक द्रव फवारतो. ह्या फवाऱ्याचा गंध शिजत असलेल्या सुवासिक भातासारखा येतो. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाचा भात ज्याने खाल्ला आहे त्यास ही तुलना सहज पटेल. ही केवळ कल्पना नव्हे. सुगंधी तांदळास ज्या द्रव्यामुळे वास येतो तेच द्रव्य वाघाच्या फवाऱ्यात असते, असे रतनलाल ब्रह्मचारी ह्या बंगाली शास्त्रज्ञाने दाखवून दिले.

पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची रीतसर पद्धत ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी ह्यांनी १९६६ च्या सुमारास बसविली. ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरून घ्यावयाची, काही ठशांचे प्लास्टरचे साचे घ्यावयाचे आणि मग ते ताडून पाहावयाचे, असा तो क्रम होता. १९७२ मध्ये देशभर झालेल्या पहिल्या गणनेत १,८२७ वाघ भरले आणि पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली. परंतु एकच वाघ ओल्या मातीत एक ठसा उमटवतो आणि कोरड्या धुळीत दुसरा. ठसे वाचणारा निष्णात असेल तर ठीक. नसेल तर एका वाघाचे दोन होतात, आणि आकडा वाढावा अशी कोणाची इच्छा असेल तर तीनही होतात. राजस्थानातील सारिस्का येथे २००४-०५ मध्ये हेच उघडकीस आले. कागदावर वाघ होते, जंगलात मात्र एकही उरला नव्हता.

म्हणून कॅमेऱ्याचा आश्रय घ्यावा लागला. उल्हास कारंत ह्यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे ही रीत यशस्वी करून दाखविली होती. वाघाच्या अंगावरील पट्टे हे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. दोन वाघांचे पट्टे कधीही एकसारखे नसतात. इतकेच नव्हे, तर एकाच वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीवरील पट्ट्यांशी जुळत नाहीत. ह्यास्तव पायवाटेच्या दोन्ही बाजूंस गुडघाभर उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. ऊबदार अंगाचे जनावर मधून गेले की कॅमेरे आपोआप छायाचित्र घेतात. २००६ च्या राष्ट्रीय गणनेत ह्या मार्गाने देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. जुन्या आकड्यांच्या मानाने तो फारच उणा होता. परंतु तो खरा होता, हे त्याचे मोल. २०२२ च्या गणनेत हाच अंदाज ३,६८२ वर गेला आणि त्यांतले ४४४ वाघ महाराष्ट्रातले होते.

कॅमेऱ्याने वाघाला ओळख मिळाली आणि ओळख मिळताच त्याला नावही मिळाले. नागझिऱ्यात वाढलेल्या दोन भावांना वन्यजीवप्रेमी लोक जय आणि वीरू म्हणू लागले. १९७५ च्या 'शोले' चित्रपटातील जिवलग मित्रांची ही नावे. ती ठेवणाऱ्यांच्या मनात दोघांनी सदैव जोडीने राहावे असे असेल. परंतु वर सांगितल्याप्रमाणे वाघाचा स्वभाव सिंहाचा नव्हे. वयात येताच जयने भावाला आणि जन्मभूमीला मागे टाकले. २०१३ मध्ये तो नागझिऱ्यातून दिसेनासा झाला आणि काही काळाने उमरेड-करांडला अभयारण्यात एक नवा, धिप्पाड नर असल्याचे लक्षात आले. दोन्हीकडची छायाचित्रे शेजारी ठेवून पट्टे ताडून पाहिले, तेव्हा तो जयच असल्याचे निश्चित झाले. नागझिऱ्यापासून हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर भरते.

हा प्रवास करताना त्यास कोणी पाहिले नाही. तरीही विदर्भाचा नकाशा पुढे ठेवला तर त्याने काय काय ओलांडले असेल हे बसल्या जागी सांगता येते. नागझिरा हे नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या उत्तरेस आहे आणि उमरेड-करांडला दक्षिणेस. म्हणजे रात्रंदिवस ट्रक धावत असलेला हा महामार्ग त्याने ओलांडलाच असला पाहिजे. नागझिरा वैनगंगेच्या पूर्वेस आहे आणि उमरेड-करांडला पश्चिमेस. म्हणजे वैनगंगाही त्याने पोहूनच पार केली असणार. वाघ पट्टीचा पोहणारा असल्याने नदीचे त्यास काही वाटले नसेल, महामार्गाचे मात्र वाटले असेल. ह्यांखेरीज वाटेतली गावे, धानाची उघडी शेते, कुत्री, विजेच्या तारा हे सर्व वेगळेच. वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्दचे धरण आहे. त्याची कोनशिला १९८८ मध्ये बसविली गेली. ह्या धरणाने पुष्कळ शेतांस पाणी मिळू लागले. परंतु अशा मोठ्या कालव्यांचे उभे गुळगुळीत काठ उतरलेल्या जनावरास पुन्हा चढता येत नाहीत. जंगलातून जंगलात जाणारी जुनी वाट अशा रीतीने ठिकठिकाणी तुटत चालली आहे. तरीही एक तरुण वाघ ती वाट शोधून पलीकडे पोचला, ह्याचा अभ्यासकांना जितका आनंद झाला तितकेच आश्चर्यही वाटले.

उमरेड-करांडला हे अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे १८९ चौरस किलोमीटर. त्यात नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही व भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील वनांचा समावेश होतो. जय येण्यापूर्वी ह्या अभयारण्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. तो आला आणि फाटकांपाशी गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. देशातील सर्वांत मोठ्या वाघांपैकी एक अशी त्याची ख्याती झाली. तेथील वाघिणींपासून त्यास पुष्कळ संतती झाली आणि नागझिऱ्याचे रक्त एका नव्या रानात रुजले. प्राणिशास्त्रज्ञांच्या दृष्टीने त्याच्या प्रवासाचे खरे महत्त्व हे आहे. लहान रानात कोंडलेले वाघ आपसांतच नाती जोडू लागले, की काही पिढ्यांत त्यांचा वंश दुबळा होतो. बाहेरून आलेला एक नर हा दुबळेपणा दूर ठेवतो. पर्यटकांच्या दृष्टीने महत्त्व दुसरेच होते. परंतु त्यातून गावांतील तरुणांना मार्गदर्शकाचे आणि गाडी चालविण्याचे काम मिळाले, हेही खरे.

एवढ्या मोठ्या नरास १८९ चौरस किलोमीटरचे रान पुरणारे नव्हते. तो अभयारण्याची सीमा ओलांडून पवनीच्या आणि पलीकडील ब्रह्मपुरीच्या वनांत वारंवार जाऊ लागला. कॅमेरे बांधलेले होते ते अभयारण्यात. बाहेर गेलेला वाघ कॅमेऱ्यांच्या दृष्टीनेही बाहेरच गेला. तेव्हा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला.

हे काम सोपे नसते. बंदुकीतून गुंगीचे औषध भरलेली सुई मारतात. काही मिनिटांत वाघ आडवा होतो. मग त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, अंगाचे तापमान व श्वास सतत पाहतात, लांबीरुंदीची मापे घेतात आणि मानेत पट्टा अडकवतात. पट्टा फार सैल असला तर पाय अडकेल आणि फार घट्ट असला तर शिकार गिळता येणार नाही. सर्व उरकताच उताऱ्याचे औषध टोचून माणसे झटपट दूर होतात. अशा पट्ट्यातील यंत्र ठरावीक तासांनी उपग्रहामार्फत आपले स्थान कळविते. शिवाय त्यातून निघणाऱ्या बारीक रेडिओलहरी हातातील अँटेनाने ऐकता येतात. माग काढणारा पथकातला मनुष्य टेकडीवर उभा राहून अँटेना हळूहळू फिरवतो; ज्या दिशेने टिक् टिक् असा आवाज मोठा येईल त्या दिशेस वाघ. पहिला पट्टा काही महिन्यांतच नीट चालेनासा झाला, तेव्हा मार्च २०१६ मध्ये जयला नवा पट्टा बांधण्यात आला.

१८ एप्रिल २०१६ नंतर त्या नव्या पट्ट्याकडून काहीही कळले नाही.

आरंभी कोणी फारशी काळजी केली नाही. जयचा पट्टा पूर्वीही बिघडला होता आणि जय पूर्वीही दूर जाऊन परत आला होता. परंतु मे गेला, जून गेला. उन्हाळ्यात पाणवठ्यावर येणारा वाघ पाणवठ्यावर आला नाही. कॅमेऱ्यांत त्याचे चित्र आले नाही. जुलैमध्ये ही बातमी सर्वदूर पसरली आणि मग मोठ्या प्रमाणावर शोध सुरू झाला. वनरक्षक, वनमजूर, स्वयंसेवक आणि गावोगावचे लोक नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील राने पायी तुडवू लागले. वर्षा ऋतूचे दिवस. मातीवर उमटलेला ठसा तासाभरात पाण्याने वाहून जाई. माहिती देणारास बक्षीस जाहीर झाले. मोठ्या पावलाचा ठसा दिसल्याच्या, गुराख्याने वाघ पाहिल्याच्या वार्ता येत आणि पथके तिकडे धावत. प्रत्येक वेळी तो दुसरा वाघ निघे किंवा वाघच नसे. प्रेत सापडले नाही, हाड सापडले नाही, पट्टाही सापडला नाही. ज्या वाघाचे पट्टे हजारो छायाचित्रांत नोंदलेले होते, ज्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारे यंत्र होते, त्या वाघाचे काय झाले हे आजतागायत कोणास सांगता आलेले नाही.

तो दुसऱ्या नराशी झुंजताना मेला असेल, रोगाने गेला असेल, शिकाऱ्यांच्या हाती सापडला असेल, अशी निरनिराळी अनुमाने तेव्हा केली गेली. त्यांपैकी कोणतेही सिद्ध झाले नाही. परंतु एका वर्षाने घडलेली गोष्ट त्याच्या संदर्भात नेहमी आठवली जाते. जयचा श्रीनिवास नावाचा मुलगा होता. तोही बापाप्रमाणे उमरेड-करांडल्यातून बाहेर पडून ब्रह्मपुरी-नागभीडच्या बाजूस गेला होता आणि त्याच्याही गळ्यात रेडिओ पट्टा होता. एप्रिल २०१७ मध्ये त्याचा पट्टा एकाएकी मुका झाला. ह्या वेळी शोध विनाविलंब सुरू झाला आणि पट्ट्याने शेवटी जे ठिकाण कळविले होते त्याच्या आसपास तपास करता श्रीनिवासचे पुरलेले प्रेत सापडले. शेताच्या कुंपणाच्या तारेत सोडलेल्या विजेने त्याचा बळी घेतला होता.

ती तार वाघासाठी लावलेली नव्हती. पूर्व विदर्भातील शेतकऱ्याचा खरा वैरी वाघ नव्हे, रानडुक्कर. एका रात्रीत डुकरांचा कळप वर्षाच्या मेहनतीचे धान लोळवून टाकतो. रात्रभर मचाणावर बसून पत्र्याचे डबे वाजविणारा शेतकरी थकतो, आणि मग कोणीतरी तारेस वीज जोडतो. असे करणे कायद्याने गुन्हा आहे. माणसेही अशा तारांना चिकटून मेलेली आहेत. डुकराच्या मागे शेतात आलेल्या वाघास ती तार दिसत नाही. गुन्हा घडल्यावर भीतीपोटी तो लपविला जातो, आणि मग माग काढणाऱ्यापुढे उरते ती केवळ शांतता. श्रीनिवासचा शोध लागला तो पट्ट्याने अखेरचे ठिकाण वेळीच कळविले म्हणून आणि माणसे लगेच निघाली म्हणून. ह्या गोष्टीनंतर पट्टा मुका होताच पथक पाठविणे हे किती निकडीचे असते, ह्याबद्दल कोणाचे दुमत राहिले नाही.

रेडिओ पट्ट्याने केवळ दुःखाच्याच वार्ता आणल्या असे मात्र नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नराला २०१९ च्या आरंभी असाच पट्टा बांधला होता. तो जूनमध्ये जन्मभूमी सोडून निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते तुडवीत, दिवसा झुडुपांत दडत आणि रात्री चालत, त्या वर्षाच्या डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची वळणावळणाची वाट नकाशावर मोजली तेव्हा ती हजार किलोमीटरांहून अधिक भरली. वाटेत त्याने मुद्दाम कोणा माणसाच्या अंगावर चाल केली नाही. शेकडो गावांना तर आपल्या शिवारातून वाघ गेल्याचे कळलेसुद्धा नाही. जयने नागझिरा सोडले तेव्हा त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. तो असता, तर महामार्ग त्याने कोठे ओलांडला आणि वैनगंगेत कोठे उडी घेतली हे आज नेमके सांगता आले असते आणि त्या जागी पुलाखालून वाट ठेवावी असा आग्रह धरता आला असता. मागाचा हा उपयोग वाघ हयात असतानाच होतो.

जय गेल्यानंतर नागझिऱ्यात वाघांची संख्या रोडावलेलीच राहिली. रान विस्तीर्ण, पाणी मुबलक, सांबर, चितळ आणि रानगवे भरपूर. उणीव होती ती वाघिणींची. सिंहांप्रमाणे जुटीने राहणारे आणि जुटीने शिकार करणारे कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, तेथे अनेकदा दिसत. वाघाचे दर्शन मात्र दुर्मिळ होते. उलट दक्षिणेस ब्रह्मपुरीच्या वनांत वाघ इतके झाले होते की गावांशी त्यांचे रोज झगडे होत. तेव्हा २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीच्या परिसरातील दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. जय ज्या दिशेने पायी गेला होता, साधारण त्याच्या उलट दिशेने ह्या वाघिणी पिंजऱ्यात बसून, मोटारीतून, महामार्गावरून आल्या. दोघींच्या गळ्यांत उपग्रहाशी जोडलेले पट्टे होते. पिंजऱ्याचे दार वर उचलले गेले, वाघीण क्षणभर थबकली आणि एका झेपेत झाडीत नाहीशी झाली.

त्या दिवसापासून पथके पाळ्या लावून त्यांच्या मागावर राहू लागली. उपग्रह ठरावीक तासांनी एक बिंदू नकाशावर टाकतो. मधल्या तासांत वाघीण कोठे गेली, काय खाल्ले, कोणास भेटली, हे तो सांगत नाही. ते जाणण्यासाठी त्या बिंदूपर्यंत कोणास तरी पायी जावे लागते. अर्धवट खाल्लेले सांबर, झाडावरील ओरखडे, ओल्या वाळूतला ठसा हे सर्व वहीत टिपावे लागते. पिटेझरीच्या बाजूस पहाटे वनरक्षक निघतो तेव्हा त्याच्या खिशात यंत्र असते आणि हातात काठी. रस्त्याच्या कडेला पसरलेल्या मातीपाशी तो उकिडवा बसतो, रात्रीच्या सह्या वाचतो, वहीत नोंद करतो आणि उठण्यापूर्वी तळहाताने माती पुन्हा सारखी करून ठेवतो.